ओवाळणीत मागितलेली सायकल

फोन आला तेव्हा मी बुलढाण्याच्या बाजारात मेथी घेत होते. भाचा म्हणाला, "आत्या, बाबा गेले... गाडीवरून पडले." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "सायकलवर होता का?" तो म्हणाला, "नाई. गुलाबकाकाच्या मोटरसायकलवर, मागं." त्याला सात आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. फोडणी टाकते आणि गॅस तसाच ठेवून गॅलरीत जाते, रस्ता बघत उभी राहते.

दादा मोताळ्याला राहायचा. रोहिणखेडच्या बाजूला एका शाळेवर मास्तर होता आणि नोकरीभर सायकलनेच गेला. मला सायकल शिकवली तीही बाजाराच्या दिवशी, मुद्दाम, भर गर्दीत. स्वतः शेजारून पायी धावत आणि तोंडाचा पट्टा सुरू. "मंगे, माणसाच्या तोंडाकडं नको पाहू, चाकाकडं पाह्य. तोंड खोटं बोलते. एक बकरी गेली ना, थांब, दुसरी येईनच. अन् ट्रॅक्टरवाल्यानं हात बाहेर काढला तर तो वळ्याले काढला का थुंक्याले, हे त्याले बी माहीत नसते!" मी हसता हसता भाजीवालीच्या टोपलीत गेले. टोमॅटोंचा चिखल झाला आणि बाईच्या शिव्या मात्र दादाने खाल्ल्या. त्याला स्वतःला कधी साधं खरचटलंही नाही. सगळ्या रस्त्यावर त्याचा संशय असायचा, पण राग कुणावरच नसायचा. ते मला आजतागायत जमलेलं नाही.

निवृत्तीनंतरही सायकल सुटली नाही. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याच्या ओळखीचा एक सायकलवाला ट्रकखाली गेला आणि मी हबकले. भाऊबीजेला ओवाळायला बसले, निरांजन हातात घेतलं आणि म्हटलं, "साडी नको मले. सायकल सोड, तेच ओवाळणीत टाक." "काऊन वं असं मांगतं?" दादा म्हणाला. "सायकलवर मले रस्ता दिसते. कोणाच्या मागं बसलो म्हणजे त्याची पाठ दिसते." मी हट्टाने निरांजन खाली ठेवलं नाही. शेवटी त्याने "हाव" म्हटलं आणि शब्द पाळला. त्या रात्री मला फार शांत झोप लागली, हे आठवलं की आता स्वतःचीच चीड येते.

तेराव्याला गुलाबराव आले. दादाचे शाळेपासूनचे मित्र, पाय अजून प्लास्टरमध्ये. पुढे कापसाची ट्रॉली ओढत ट्रॅक्टर चाललं होतं, म्हणाले. "हा मागून म्हणे, 'गुलाब, थांब, ते वळते.' म्या म्हटलं, त्यानं हातच नाई दाखवला, तर वळन कसं? अन् वळलं ना, ताई..." मग सदऱ्याची कॉलर बाजूला करून त्यांनी दोन्ही खांदे दाखवले. बोटांचे वळ अजून हिरवट-पिवळे दिसत होते, चारचार, दोन्हीकडे. "शेवटी असे गच्च आवळले त्यानं. भेला असंन बिचारा."

"भेला नाई, भाऊ," मी म्हटलं. "ब्रेक दाबत होता तो."