कॉइलवरचं रेक्झिन

गेल्या महिन्यात पलूसच्या बाजूचं एक भाडं केलं. त्या दिवसाबद्दल अजून कोणाशी बोललो नाही... पण मनातून जात नाही. म्हणून तुम्हा मित्रांसाठी नीट क्रमानं लिहून काढतो आहे.

मी कराडला मालकाची गाडी चालवतो, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी सकाळी कृष्णाकाठच्या एका गावातून एक निवृत्त हवालदार आले. त्यांचे वडील पहाटे वारले होते. बहीण शालनअक्का पलूसजवळ दिलेली, तिला आणायचं होतं.

हवालदारांनी मला दोन गोष्टी बजावल्या. अक्कांना खरं सांगायचं नाही, आबांची तब्येत जास्त झालीय एवढंच म्हणायचं. आणि दुसरी वेळेची... “चारपत्तोर ठेवतो. ऊन लय हाय, म्होरं न्हाई ठेवता यायचं.”

चार म्हणजे भरपूर वेळ होता. जाताना गाडी एकदाच जरा अडखळली, मी लक्ष दिलं नाही.

अक्का रानात होत्या. सांगावा जाऊन त्या घरी येईपर्यंत साडेबारा वाजले. मी शिकवल्याप्रमाणे तब्येतीचं सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही... चुलीतला जाळ विझवला, सासूबाईंना बरोबर घेतलं आणि गाडीत बसल्या.

ताकारी ओलांडली आणि गाडी दोन धक्के खाऊन बंद पडली.

माझ्याकडे एक वही आहे. गाडी बंद पडली तर काय काय तपासायचं, ते गॅरेजच्या उस्तादांनी क्रमानं लिहून दिलंय. पेट्रोल, पंप, कार्बोरेटर, प्लग, पॉइंट आणि सहावी कॉइल... म्हणजे ठिणगीला वीज पुरवणारा तो डबा. मी क्रम कधी सोडत नाही. कार्बोरेटर साफ केला आणि गाडी सुरू झाली. कार्बोरेटरमध्ये कचरा, असं मी वहीत लिहूनही टाकलं.

इस्लामपूरजवळ पुन्हा तेच. या वेळी प्लग पुसून झाले आणि गाडी सुरू झाली. तोवर पाऊण तास गेला होता. मागून सासूबाई म्हणाल्या, “ह्या मोटारीपरीस बैलगाडी बरी रं. बैल निदान चढ बघून तरी थांबतो.” कोणी हसलं नाही. मी घड्याळ बघत होतो.

तिसऱ्यांदा थांबली ती पेठच्या पुढं, हायवेवर. सव्वातीन वाजले होते. मी पुन्हा पहिल्यापासून यादी सुरू केली... प्लगचा पाना दोनदा खाली पडला.

अक्का उतरून माझ्याजवळ आल्या. सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “भाऊ, आबा गेलेत न्हवं?”

मी तब्येतीचं वाक्य पुन्हा सुरू केलं. ते पुरं झालं नाही.

“नुसतं आजारी असतं तर कारड आलं असतं. दारात मोटार कोण धाडतंय?” मग त्यांनी विचारलं, “कितीपत्तोर थांबणार हायती?”

मी चार म्हणालो. त्या बॉनेटखाली बघत होत्या. मग त्यांनी बोट केलं... “हे का गुंडाळलंय?”

ती कॉइल होती. गेल्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी उडून गाडी बंद पडली होती, म्हणून मी कॉइलला रेक्झिन दुहेरी गुंडाळून सुतळीनं बांधलं होतं. मालकांनी शाबासकी दिली होती. पावसाचं पाणी लागू नये म्हणून, असं मी अक्कांना सांगितलं.

“आता कुटं पाऊस हाय?”

रेक्झिनला हात लावला तर चटका बसला. कॉइल आतल्या आत तापत होती, म्हणून गाडी बंद पडत होती. मी यादी तपासेपर्यंत ती निवत होती, म्हणून सुरू होत होती... एवढंच. आणि सहाव्या ओळीपर्यंत मी एकदाही पोहोचलो नव्हतो.

सुतळी कापून रेक्झिन खिशात घातलं. अक्कांनी तांब्यातल्या पाण्यात फडकं भिजवून दिलं, ते कॉइलवर ठेवलं. दहा मिनिटांनी निघालो. त्यानंतर गाडी एकदाही थांबली नाही.

साडेचारला गावाच्या वळणावर आलो. नदीकडून धूर वर जात होता. मी आणखी वेग वाढवला, तेव्हा मागून अक्का म्हणाल्या, “आता सावकास चला, भाऊ.”

हवालदार ओल्या अंगानं घाटावरून आले आणि त्यांनी माझी कॉलर धरली. कुठं मेला होतास, असं विचारत होते. अक्का मध्ये आल्या.

“दादा, यंत्र हाय ते. बंद पडलं. त्यो काय करंल?”

रेक्झिन माझ्या खिशात होतं. ते मी खिशात घातलेलं अक्कांनी पाहिलं होतं... तरी त्या एवढंच बोलल्या. मीही काही बोललो नाही.

परवा बाजारात त्या गावचा एक माणूस भेटला. हवालदार धड जेवत नाहीत म्हणाला. सारखं एकच बोलतात... अर्धा तास आणखी थांबायला पाहिजे होतं, मीच घाई केली, बहिणीला बापाचं तोंड बघू दिलं नाही.

तेव्हापासून मला झोप नाही. चूक माझी, आणि ती घेऊन बसलेत ते.

रविवारी मी हवालदारांकडे जाणार आहे, रेक्झिनचा तुकडा बरोबर घेऊन. ते मारतील कदाचित. शालनअक्कांनी त्या दिवशी मला वाचवलं, ते उपकार मी विसरणार नाही... पण ते खिशात ठेवून मला गाडी चालवता येत नाही.