‘वाढ’ हा शब्द

डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर एक गोल काढला आणि त्याला चारी बाजूंनी कान चिकटवले. “ही दादांच्या पोटातली कॅन्सरची पेशी. ग्रोथ फॅक्टर येतो आणि या कानांत सांगतो, ‘वाढ’. यांच्या पेशींना कान फार झालेत. ते बुजवणारं औषध देऊन बघू.”

ग्रोथ फॅक्टर! एखाद्या कंपनीच्या जाहिरातीत शोभावा असा शब्द. इतक्या रुबाबदार नावाचा मला संशयच येतो.

वहिनीला दुसऱ्याच शब्दानं धरलं. “डॉक्टर, हे ‘वाढ’ म्हणाले की मी जन्मभर वाढत आले. त्यानं तर नाही ना झालं?”

“अहो, ते वाढणं वेगळं!” डॉक्टर हसले.

वेगळं असेलही. पण पानातला भात आणि पोटातली गाठ, दोन्हींना भाषेनं एकच हुकूम का द्यावा?

घरी जेवताना वहिनी ‘वाढू का?’ म्हणालीच नाही. पळी धरून तिनं विचारलं, “आमटी घेणार का थोडी?”

दादानं मान वर केली. “असं काय विचारतेस? मी काय पाहुणा आहे?”

तिनं वाटी काठोकाठ भरली.