सातवा कप्पा

सिदूचा स्वभाव मुळातच संशयी. हॉटेलात चहा आला की आधी कप वर धरून बुडाशी चीर आहे का ते बघणार, एसटीत जागा मिळाली की बाक हलवून बघणार आणि मगच टेकणार. सोलापूरच्या जनावरांच्या दवाखान्यातली मंडळी त्याला सीआयडी म्हणत. मैंदर्गीच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला हा मुलगा शिकून पशुधन पर्यवेक्षक झाला होता. खेडोपाडी हिंडून तो मेंढ्यांना लस टोचायचा. गावाकडे लोक त्याला डॉक्टर म्हणत आणि तोही त्यांना दुरुस्त करायला जात नसे.

शहात्तर सालच्या एप्रिलात त्याच्या जुन्या कापडी पिशवीत लसीच्या दोन बाटल्या एकमेकींवर आपटून फुटल्या आणि त्यानं ठरवलं, आता कप्प्याकप्प्यांची पिशवी घ्यायची. महिनाभर बाजार पालथा घातला. एका दुकानातला पट्टा त्याला कुजका वाटला, दुसरीकडचं बक्कल पत्र्याचं निघालं, तिसऱ्या दुकानदारानं न मागता किंमत उतरवली म्हणून सिदू पायरीवरूनच परतला. शेवटी तो गुरुबसप्पाकडे गेला. गुरुबसप्पा जाड कॅनव्हासच्या आणि कातडी पट्ट्याच्या पिशव्या शिवून द्यायचा.

सिदूनं सगळं सामान त्याच्यापुढं मांडून माप घ्यायला लावलं. थर्मासला गोल कप्पा, काचेच्या पिचकारीला मऊ अस्तराचा, सुयांच्या डबीला एक, कात्री-चाकूला एक, स्पिरिटला एक. एडके बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा, लोखंडी चिमटा होता हातभर लांबीचा, त्याला तळाशी आडवा खास कप्पा. आणि पाठीच्या बाजूला कागदांसाठी सातवा, आतल्या बक्कलाचा.

"दोरा कच्चा न्हाई ना? पट्टा तुटला तर?"

"अवो डॉक्टर, असल्याच चार पिशव्या मागल्या महिन्यात शिवल्या. सरकारी मान्सं घेऊन गेली. सगळ्या तालुक्यात फिरत्यात, एक टाका उसवला न्हाई बगा."

दोऱ्यावर, पट्ट्यावर, बक्कलावर संशय घेणाऱ्या सिदूला या एका वाक्याचा संशय आला नाही. उलट त्याला हायसं वाटलं. तेवढ्याच वाक्यावर त्यानं जरा थांबायला हवं होतं.

पिशवी मिळाली त्याच आठवड्यात कचेरीतून पत्र आलं. त्या वर्षी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेची मोहीम जोरात होती. पत्रात लिहिलं होतं की प्रत्येक कर्मचाऱ्यानं दोन माणसं आणावीत, नाहीतर लांबची बदली. साहेब म्हणाले, "तुमच्या धाकट्या भावाला तीन मुली ना? मग शोधायला कुठं जाताय? लिहा नाव." सिदूनं पत्राच्या पाठीवर नाव लिहिलं. पेन खिशात असताना त्यानं पेन्सिल घेतली, का तर पेन्सिलीचं खोडता येतं. भिमा, मुली तीन. मग पत्राची घडी घालून ती सातव्या कप्प्यात टाकली आणि बक्कल लावलं. नंतर खोडू, असं त्यानं मनाला सांगितलं. त्याच्या मनाला ते फारसं पटलं नसावं, कारण त्या दिवसापासून तो पिशवी उशाशी घेऊन निजू लागला.

जूनच्या तोंडावर तो स्वतःच्या वस्तीवर निघाला. पाऊस पडून कोवळं गवत आलं की ते खाऊन मेंढरं पोट फुगून पटापट मरतात. त्याआधी लस टोचावी लागते. आदल्या साली भिमाची अकरा मेंढरं अशीच गेली होती. थर्मासमधला बर्फ संध्याकाळपर्यंतच टिकणार होता. आज टोचली नाही तर लस वाया जाणार आणि दुसरी कधी मिळेल याची खात्री नव्हती.

एसटीतून उतरून सिदू वस्तीत शिरला तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चुली पेटलेल्या होत्या, पण दारं बंद होती. एक कुत्रं भुंकलं, त्यालाही आतून कुणीतरी गप्प केलं. सिदूला वाटलं, आपल्यामागं कुणीतरी कागाळी केली. कुणी केली असेल याची तो मनात यादी करू लागला. तेवढ्यात ओट्यावर एकटी बसलेली आत्या, तानाबाई, दिसली.

"आत्या, मान्सं कुटं गेली?"

"माळावर. समदे बाप्ये. मेंढरं बी नेली." तानाबाईची नजर पिशवीवरून हलत नव्हती. "पलीकडच्या गावात असलीच पिशवी घेऊन मान्सं आलती. चौगांना जीपमदी घालून नेलं. पोरांनी टेकावरनं बघितलं, पट्ट्याची पिशवी येतीया. झालं, पळाली."

"आगं, मी सिदू हाय!"

"पिशवी त्येंचीच हाय की."

सिदूला हसावं की रडावं कळेना. दारं किलकिली झाली. बायका बाहेर आल्या, त्यांत भिमाची बायको केराबाईही होती. सिदूनं घोंगडं अंथरलं आणि म्हणाला, "बगा, डोळ्यांनी बगा. सगळं उघडून दावतो."

मोठ्या ऐटीत तो एकेक बक्कल सोडू लागला. पहिल्या कप्प्यातून थर्मास निघाला, बायका जरा पुढं सरकल्या. दुसऱ्यातून पिचकारी निघाली आणि त्या थांबल्या. मग सुया, मग चाकू-कात्री. कुणीतरी पदर तोंडाला लावला. स्पिरिटची बाटली निघाली तेव्हा दवाखान्याचा वास सुटला. आणि मग सिदूनं तळच्या कप्प्यातून तो हातभर लोखंडी चिमटा काढून घोंगड्यावर ठेवला.

"आगं आई गं!" एक म्हातारी किंचाळली आणि दोन दारं पुन्हा धाडकन लागली.

"एडक्यांचा हाय! एडक्यांचा!" सिदू ओरडला. आपण किती मूर्खपणा केला ते त्याला आता कळलं. एवढं नीटनेटकं सामान त्यानं जन्मात कधी मांडलं नव्हतं, आणि त्या नीटनेटकेपणाचीच बायकांना जास्त भीती वाटत होती.

केराबाई मात्र जागची हलली नाही. ती पुढं येऊन उकिडवी बसली.

"भावजी, मागं आनकी येक कप्पा हाय."

"त्यात काय न्हाई. कागदं हायत."

"मग उगडा की."

केराबाई चौथीपर्यंत शिकलेली होती. लग्नात त्यानंच कौतुकानं सगळ्यांना सांगितलं होतं, आमची सून वाचती. केराबाईनं स्वतःच बक्कल काढलं, घडी उलगडली. छापील मजकुरात ती अडखळली, मग कागद उलटला. पेन्सिलीच्या ओळीवर ती अडखळली नाही.

सिदूला वाटलं, आता ही बोंब मारणार. मारली असती तर बरं झालं असतं. कागदाची तशीच घडी घालून तिनं तो कप्प्यात ठेवला आणि बक्कल लावलं.

"केरा, मी खोडनार हुतो," तो पुटपुटला.

"मेंढरं आनते," ती उठत म्हणाली. "औंदा मरायला नकोत. टोचा आन् जावा."

माळावरून मेंढरं बायकांनी खाली आणली. बाप्यांपैकी एकही उतरला नाही. केराबाई मेंढी धरायची, सिदू टोचायचा. दिवस मावळेपर्यंत तीनशे मेंढरं झाली आणि तेवढ्या वेळात तिनं एकदाही वर बघितलं नाही. टेकावर भिमाचा पांढरा पटका दिसत होता. सिदू एसटीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो तिथंच होता.

त्या पावसाळ्यात वस्तीवरचं एकही मेंढरू दगावलं नाही. सिदूनं पत्र फाडून टाकलं, दोन माणसं दिली नाहीत, आणि त्याची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जेऊरला बदली झाली. तिथं सगळे म्हणत, तत्त्वाचा माणूस आहे. सिदूला ते ऐकवत नसे.

दिवाळीला तो भावाकडे आला. भिमा दारात येऊन पाया पडला, गळ्यात पडला, पोरींना हाका मारल्या. मग दादाच्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या हातानं हळूच उतरवली आणि अंगणातल्या लिंबाच्या फांदीला अडकवली.

"चल आत, दादा. पिशवी ऱ्हाऊ दे भाईर."

पुढं मोहीम संपली, सरकारही बदललं. सिदू दर दिवाळीला येत राहिला आणि भिमावर काही सांगायची वेळ पुन्हा आली नाही. अंगणात शिरल्यावर सिदू स्वतःच आधी लिंबाकडे वळायचा.