वाकणारा दांडा

डॉक्टरांनी टेबलावर दोन दांडे ठेवले. एक टायटॅनियमचा, ताठ. दुसरा दिसायला तसाच, पण दाबला की जरासा वाकणारा. आमच्या ह्यांच्या कमरेतली चकती झिजली आहे आणि तिथल्या दोन मणक्यांना आधार म्हणून यांतला एक बसवायचा आहे.

मी सवयीने वहीत दोन रकाने आखले.

"ताठ दांड्याने ते दोन मणके एकमेकांना कायमचे जुळतील," डॉक्टर म्हणाले. "त्या जागी वाकणं बंद, आणि वरखालच्या मणक्यांवर ताण. लवचिक दांडा थोडं वाकू देतो, पण त्याचे स्क्रू सैल झाले तर पुन्हा ऑपरेशन."

दोन्ही रकाने सारखेच भरले.

मी ह्यांना म्हटलं, "तुम्हाला ताठच शोभेल. जन्मभर सांगत आलात, मोडेन पण वाकणार नाही."

ते हसले नाहीत. लवचिक दांडा अंगठ्याने वाकवत राहिले, सोडत राहिले. बढती नाकारली तेव्हा, सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं तेव्हा, हेच वाक्य आम्ही कौतुकाने ऐकलं होतं. ताठपणाचं इतकं कौतुक झालेल्या माणसाने आता वाकायचं आहे हे कोणत्या तोंडाने सांगावं?

काही न ठरवताच आम्ही उठलो. बाहेर चपला घालताना ते अर्ध्यात थांबले. मी खाली वाकून त्यांच्या चपलेचा पट्टा लावला. तोल सांभाळायला त्यांनी माझ्या पाठीवर हात टेकला.

"जड होतोय का गं?"

"नाही," म्हटलं, आणि पट्टा लागल्यावरही थोडा वेळ तशीच वाकून राहिले.