वावराची माती

दुपारी डोळा लागला की माझ्या स्वप्नात चोर-दरोडेखोर येत नाहीत. येतो तो नागपूरजवळच्या एका बंद खाणीवरचा काळ्या मातीचा ढीग. उन्हाच्या झळांत तो जमिनीपासून वीतभर वर तरंगत असल्यासारखा दिसायचा.

त्या भागातल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी कामठीहून शेअर ऑटोने एक गृहस्थ आले. पॉवरलूमवर काम करणारे, मितभाषी. म्हणाले, "साहेब, माह्या वावरातली माती चोरीले गेली."

ठाणे अंमलदार हसला. मीही हसलो, खोटे कशाला सांगू? "किती होती?"

"चार एकराची."

मग मात्र मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी वावर खाणीला कराराने दिले होते. खाण संपली की खड्डा बुजवायचा, वर माती पसरायची आणि शेतीलायक जमीन परत करायची, असा करार. त्यासाठी वरची काळी माती आधीच काढून वेगळी रचून ठेवली होती. तीच माती टिप्परमधून जाताना त्यांनी पाहिली होती. जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चाचे अंदाजपत्रक आठवड्यात मंजूर व्हायचे होते. त्यात मातीचा खर्च शून्य दाखवला होता, कारण माती 'जागेवर उपलब्ध' होती. ते मंजूर झाले असते तर या माणसाच्या पदरात दगडगोटेच पडले असते.

अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याला चौकशीला बोलावले. नीटनेटका माणूस. "ड्रोनने दोनदा मोजलं, साहेब. ढीग पूर्ण आहे," म्हणत त्याने नकाशे पसरले. खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती. हा त्यातला नव्हता.

खाणीचा चौकीदार मात्र मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "मोजून घ्या न साहेब, एक घमेलं कमी भरनार नाही." ज्याचे काही चुकलेले नसते तो पोलिसांना पाहून आधी "काय झालं?" असे विचारतो. मी ते मनात नोंदवून ठेवले.

ते गृहस्थ, अभियंता, चौकीदार आणि दोन पंच यांना घेऊन आम्ही जागेवर गेलो. मे महिन्याची दुपार. खड्ड्यात साचलेले पाणी हिरवेगार, पलीकडचा काठ उन्हात थरथरत होता. कुठेतरी टिटवी ओरडत होती. आम्ही सगळे दुसऱ्याच कुणाच्या झोपेतून चालतो आहोत, असे मला वाटत राहिले. गृहस्थांनी चपला काढल्या, ढिगावर चढले आणि स्वतःच्या अंगणात फिरावे तसे फिरले. मग उकिडवे बसून म्हणाले, "साहेब, हे माती फाटली काहून नाही?"

"भेगा आहेत की," मी म्हणालो.

"ह्या भेगा? आमच्या वावरात उन्हाळ्यात भेगीत अख्खी काठी जाये."

मी हातातली छडी एका भेगेत घातली. चार बोटे गेली आणि ठक्क वाजले. खणायला लावले. वर जेमतेम चार बोटे काळी माती आणि तिच्याखाली खाणीतला टाकाऊ दगड, मुरूम. आतली माती विकून त्याच आकाराचा दगडांचा ढीग रचला होता आणि वरून काळा थर चढवला होता.

अभियंता गुडघ्यांवर बसला. "मी वरून मोजलं," एवढेच पुटपुटत राहिला. मला त्याची कीव आली. त्याने इंचाइंचाचा हिशेब केला होता, पण मूठभर माती हातात घेतली नव्हती. मी तरी कुठला शहाणा? शेतकऱ्याच्या घरात वाढलो आणि मलाही ते सांगावे लागले.

चौकीदार संध्याकाळच्या चहापर्यंत बोलता झाला. माती दिवसाढवळ्या बंगल्यांच्या बागांना गेली होती. त्याने टिप्परचालक दाखवला, चालकाने पत्ते दाखवले.

दोन दिवसांनी अभियंता सुधारलेला अंदाज घेऊन ठाण्यात आला. 'माती बाहेरून आणणे' यापुढे भलामोठा आकडा होता. गृहस्थांनी बोट ठेवून ती ओळ वाचली. "बाहेरून म्हंजे कोनाच्या वावरातून?"

अभियंत्याने ती ओळ स्वतःच खोडली आणि माझ्याकडे पत्त्यांची यादी मागितली. तीच माती परत आणायचा खर्च त्याने टिप्परगणिक नव्याने मांडला, आणि जी सापडणार नव्हती तिची भरपाई खाणीच्या नावावर लिहिली. मंजूर झाला तो हा अंदाज.

चोरीच्या मालाची किंमत आम्ही पंचनाम्यात बाजारभावाने लिहितो. जन्मभर तसेच लिहिले. पण काही वस्तू पुन्हा जागेवर ठेवायला निघाल्याशिवाय त्यांची किंमत कळत नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवले, आणि तेही नोकरी संपत आल्यावर.

न्यायालयाची परवानगी मिळाल्यावर आम्ही पहिल्या बंगल्यावर गेलो. सुंदर हिरवळ होती, गुलाब होते. घरमालकीण वैतागली. "एवढे पोलीस कशाला? शेवटी मातीच तर आहे!"

गृहस्थांनी हात जोडले. "हो ताई, मातीच हाये. तेच न्याले आलो."