कुटारातली कोंबडी

तव्यावर अंडं पडलं की त्या वासासरशी मला मेहकरजवळचं सासर आठवतं. मी नवीन होते, घरात फारसं कुणाशी बोलत नव्हते. सासूबाईंची लाडकी तांबडी कोंबडी नाहीशी झाली. मुंगसानं नेली असं समजून त्या नीट जेवतही नव्हत्या. एका सकाळी मी बैलांसाठी कुटार काढायला गेले, तर ढिगात हाताला ऊब लागली आणि लगेच चोचीचा फटका बसला. मी ओरडले तशा सासूबाई धावत आल्या. कोंबडीखालची अंडी पाहून त्या तिथंच फतकल मारून बसल्या आणि हसत म्हणाल्या, "मेली नाही वं माय, अंड्यावर बसली हाये!" मग माझा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "लै लागलं काय वं तुले?" त्या विचारण्यानं ते घर माझं झालं. आता मलकापुरात माझ्याही परसात कोंबड्या आहेत. सकाळी ताजं अंडं हाती आलं की गरम असतानाच मी ते गालाला लावते.