देवबुडवी

"ए देवबुडवे, ऊठ. वाच."

चौथीच्या वर्गात मास्तर मले असंच बोलवत. हजेरीत माझं नाव होतं, पण ते त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आम्ही बौद्ध झालो, घरातले देव टोपलीत भरून अरुणावतीच्या डोहात सोडले, तवापासून मी देवबुडवी.

मी उठली. धडा मले तोंडपाठ होता. पण पोरं वळून पाहाले लागले की छातीत धडधड व्हायची, हातापायाले मुंग्या यायच्या, श्वास मधातच अडकायचा. त्या दिवशी पुस्तकातले अक्षरं हालाले लागले. मले वाटलं, आता मी मरते. अन् उभ्या उभ्या लघवी झाली.

वर्ग हासला. मास्तरानं माझ्याच परकरानं जमीन पुसाले लावली. म्हणाले, "देवी कोपली हिच्यावर. डिपोटी साहेब शाळा तपासाले येऊन राह्यले. पह्यले देवळापुढं नाक घास, मंग शाळेत पाय ठेव."

शाळा कायमची सुटली की कापूस वेचाले जायचं, हे ठरलेलं होतं. मले शाळा पाह्यजे होती अन् शाळेचंच भेव वाटत होतं. हे कोणाले सांगावं? अशा भेवाले आमच्याकडे आजार कोणी म्हणत नव्हतं. बाहेरचं लागलं म्हणत.

माय मले देवळापुढं घेऊन गेली. बाबा कापसाच्या जिनिंगात कामाले गेलते, त्यांले सांगतलंच नाही. देवळाच्या पायरीवर आम्हाले चढता येत नव्हतं, म्हणून खाली धुळीत बसलो. मास्तर वर, ओट्यावर. अर्धं गाव पाहाले आलतं. मायनं लुगड्याच्या गाठीतून चांदीचा टाक काढला. त्याच्यावर देवी कोरलेली. बाकीचे सगळे देव सोडले, हा एक तिनं लपवून ठेवला होता.

"तुह्यासाठीच ठेवला व पोरी," ती हळूच म्हणाली. "हा देऊ अन् माफी मांगू."

त्या टाकाचं मले मास्तरापेक्षा जास्त भेव वाटलं. म्हणजे देवी कोपली, हे मायही धरून बसली होती. मंग माझ्या बाजूनं कोण होतं?

"घास नाक," मास्तर म्हणाले.

मायनं मले वाकवाले मानेवर हात ठेवला. तो हात थरथरत होता. अगदी माझ्यासारखा. मी तिच्याकडं पाह्यलं. मायले कोणती देवी लागली होती? तिलेही भेव होतं ते ओट्यावर बसलेल्या माणसायचंच. जन्मभर होतं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

"मले देवी नाई लागली," मी बोलली. जीभ टाळूले चिकटत होती. "मले तुमचं भेव लागते, मास्तर. नावानं बोलवा. मी वाचते."

यावेळी कोणी हासलं नाही. आमचा विटाळ नको, म्हणून मास्तरानं वरूनच छडी फेकून मारली. कपाळ फुटलं. मायच्या हातातून टाक धुळीत पडला. तिनं तो उचलला नाही. मले उचललं.

त्या राती मायनं बाबाले सगळं सांगतलं. डिपोटी आले त्या दिवशी बाबा कामावर गेले नाहीत. वर्गाच्या दाराशी उभे राह्यले. मी वाचलं. तीनदा अडकली, पण खाली बसली नाही.

आता मी महागावाकडच्या एका शाळेत शिकवते. भेव गेलं नाही. हजेरी घेताना अजून टेबलाची कड धरून उभी राह्यते. परवा माझ्या वर्गातली एक पोरगी वाचता वाचता गप्प झाली. घामानं चिंब, दम लागलेला. बाजूच्या वर्गाचे गुरुजी आले अन् म्हणाले, "हिले बाहेरचं हाय बाई, घरी धाडा."

मी तिच्यापाशी जमिनीवर बसली. तिचं पूर्ण नाव घेतलं. म्हटलं, "दम घे, घाई नाई. मी इथंच हाओ."

मंग गुरुजीले सांगतलं, "ही पोरगी याच वर्गात बसन. हिले काढाचं असन, तर पह्यले मले काढा."